स्मरणरंजनाचा काळ : रीतिभूतकाळ

आपण ज्या दशकात वाढलो त्या दशकाविषयीच्या ओढीसाठी मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा रूढ आहे. ही संज्ञा सोयीची असली तरी निरुपद्रवी नाही. योहान्नेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तेव्हा ते परमुलखात राहणाऱ्यांच्या एका आजाराचे नाव होते. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक पदांपासून तो सिद्ध झाला होता. मराठी प्रतिशब्दात वेदनेची जागा रंजनाने घेतली. रंजन म्हणजे करमणूक; आणि धात्वर्थाने पाहता, रंगवणेही. आजार स्थळाचा होता तोवर घरी परतणे हा त्यावर उपाय होता. दशकाकडे मात्र परतता येत नाही. म्हणून वेदना शिल्लक राहते आणि तिच्यावर रंग चढतो. हा रंग भाषेत नेमका कोठे चढतो, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

तो क्रियापदावर चढतो, असे माझे म्हणणे आहे. बालपणीच्या दशकाच्या आठवणी मराठीत बहुधा रीतिभूतकाळात सांगितल्या जातात : ‘जात असू’, ‘आणायचो’, ‘मिळायचे’. साधा भूतकाळ घटना सांगतो. घटनेला तारीख असते, कर्ता असतो, कारण असते. रीतिभूतकाळ घटनेची रीत करतो. एकदा घडलेले नेहमीचे होऊन बसते, आणि नेहमीच्या गोष्टीला कोणी कारण विचारत नाही.

उदाहरण माझ्याच गावचे घेतो. जळगाव शहरात सामावलेले मेहरूण तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखले जाते. ‘मेहरूण’ हे बोराच्या एका वाणाचेच नाव झाले आहे. १९७० च्या दशकात तेथे वाढलेल्यांच्या आठवणी या फळाभोवती गोळा होतात. ‘हिवाळ्यात पहाटे आम्ही बोरे वेचायला जायचो’ हे वाक्य मी अनेकदा उच्चारले आहे. वर्गात ललित गद्याचा नमुना म्हणूनही. एकदा ते आईसमोर उच्चारले गेले. तिने आपल्या बोलीत एवढीच दुरुस्ती केली की, आपण जात नव्हतो, गेलो होतो. आणि तेही एकाच हिवाळ्यात.

तो हिवाळा १९७२-७३ चा होता. पावसाने दगा दिला होता, रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळत होती, राज्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामांवर खडी फोडली जात होती. बोरीचे झाड कमी पाण्यावर तग धरते. म्हणून त्या साली फळ होते आणि दुसऱ्याच्या झाडाखाली रोजाने वेचणी होती. मुलांचे हात त्या रोजात धरलेले होते. ‘जायचो’ या एका रूपाने दुष्काळ पुसला, मजुरी पुसली आणि झाडांचा मालकही पुसला. उरली ती केवळ पहाट.

येथे एक आक्षेप संभवतो. ती पहाट खोटी नव्हती. बालमनाला ती सुंदरच वाटली होती. हे मान्य करावे लागते. स्मृतीला खोटे ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मध्ये गतकाळ पुन्हा उभारू पाहणारी आणि गतकाळाविषयी चिंतन करणारी अशा दोन प्रकारच्या ओढींत भेद केला. मराठीपुरता हा भेद क्रियापदाच्या काळात तपासता येतो.

याची कसोटी खानदेशातूनच आलेल्या एका कादंबरीकारावर घेता येईल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) पंचवीस वर्षांचा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले गाव आणि पुण्यातील वर्षे सांगतो, पण ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द त्याच्या सांगण्यात सतत आडवे येतात. या लकबीची नक्कल पुष्कळ झाली, तिचे कार्य मात्र फारसे ओळखले गेले नाही. उदाहरण म्हणून सांगितलेल्या आठवणीची मूर्ती होत नाही. आणि ‘वगैरे’ म्हटले की न निवडलेले बाहेर उभे आहे याची कबुली दिली जाते. धाकट्या मनीचा मृत्यू तर कोणत्याही रीतीत बसत नाही. तो एकदाच घडतो आणि घडलेलाच राहतो.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’मधील (२०१०) खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, ही गोष्टही केवळ कथानकाच्या सोयीची नाही. उत्खननात वस्तूइतकेच महत्त्व ती ज्या थरात सापडली त्या थराला असते. थराची नोंद न करता उचललेली वस्तू शोभेची होते, पुरावा होत नाही. स्मरणरंजन आठवण अशीच उचलते. अर्थात, कृषिसंस्कृतीच्या विस्तृत चित्रणात ही कादंबरीही थर विसरते काय, हा प्रश्न तिलाही विचारलाच पाहिजे. देशीपणाचा आग्रह धरणाऱ्या लेखनाला तर तो अधिक काटेकोरपणे विचारावा.

आत्मपर गद्य वाचताना अभ्यासकाने एक साधा प्रयोग करून पाहावा. रीतिभूतकाळातील वाक्य साध्या भूतकाळात आणावे आणि कोणते साल, कोणाचे श्रम, कोणाची मालकी वर येते ते पाहावे. काहीच वर आले नाही, तर ती खरोखरच रीत असेल, रीतीही असतातच. मी माझे वाक्य बदलले आहे : ‘१९७२ च्या दुष्काळात, हिवाळ्यात, आम्ही रोजाने बोरे वेचायला गेलो.’ हे वाक्य आता ललित गद्याचा नमुना म्हणून चालणार नाही. पहाट त्यातून गेलेली नाही. मात्र ती आता एकट्या माझी उरलेली नाही.