धुकं तेवढं राहू द्या

अलीकडे मी जे गेम खेळलो त्यांतले बरेचसे आधी कधीतरी खेळलेलेच होते. 'रेसिडेंट ईव्हिल', 'सायलेंट हिल', 'फायनल फँटसी', 'डेड स्पेस' ही सगळी जुनी नावं नव्याने बांधून परत आली आहेत. मोठ्या कंपन्यांसाठी रीमेक हा आता हुकमी धंदा झालाय. त्यामुळे त्यांच्याबद्दल नुसतं 'ग्राफिक्स भारी आहेत' म्हणून भागत नाही, नाटक-सिनेमाबद्दल बोलतो तसं नीट बोलायला हवं. जुन्या गेममध्ये अडचणी पुष्कळ असतात. त्यांतल्या काही निव्वळ अडचणी असतात, त्या खुशाल काढाव्यात. पण काहींवर अख्खा गेम तोललेला असतो. अशी अडचण काढली, तर ती जे काम करत होती ते करणारं दुसरं काहीतरी तिथे आणावं लागतं. रीमेक जमला की फसला, हे माझ्या मते इथेच ठरतं.

'रेसिडेंट ईव्हिल २' हा याचा वस्तुपाठ आहे. १९९८च्या मूळ गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा स्थिर असायचा. बोळाच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही, फक्त फरपटत येणारी पावलं ऐकू यायची. पात्र वळवणं म्हणजे रणगाडा फिरवणं. २०१९च्या रीमेकमध्ये कॅपकॉमने कॅमेरा थेट पात्राच्या खांद्यामागे आणला. आता समोरचं सगळं दिसणार आणि भीती संपणार, अशी मला शंका होती. पण त्यांनी पोलीस स्टेशनातले दिवेच घालवले. टॉर्चच्या झोतात मावेल तेवढंच दिसतं. डोक्यात गोळ्या घालूनही झॉम्बी मेलाच याची खात्री देता येत नाही. मूळ गेममध्ये दार ओलांडलं की जीव वाचायचा, इथे झॉम्बी दार ढकलून मागे येतात. आणि तो टोपीवाला धिप्पाड मिस्टर एक्स! पूर्वी तो दुसऱ्या फेरीतल्या कथेतच भेटायचा, आता पहिल्याच फेरीत मागे लागतो. वरच्या मजल्यावर त्याचे बूट वाजतात आणि खाली कोडं सोडवणाऱ्याचे हात थांबतात. स्थिर कॅमेरा जी अनिश्चितता देत होता, ती इथे अंधाराने आणि आवाजाने दिली. याला मी कारागिरी म्हणतो. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'रेसिडेंट ईव्हिल ३' मात्र घाईने उरकला. क्लॉक टॉवरचा गाजलेला भाग जवळजवळ गाळला आणि पिच्छा पुरवणाऱ्या नेमेसिसला ठरावीक प्रसंगांत कोंडून टाकलं.

धुक्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९९चा पहिला 'सायलेंट हिल' प्लेस्टेशनवर आला. त्या यंत्राला लांबवरचे रस्ते, इमारती एका वेळी काढणं झेपत नव्हतं, म्हणून धुक्याने ते झाकले. त्या झाकण्यातून शहराला एक आजारीपण आलं. २००१च्या 'सायलेंट हिल २'पर्यंत धुकं मालिकेचा आत्मा झालं होतं. मेलेल्या बायकोचं पत्र हातात घेऊन जेम्स ज्या गावात येतो, ते गाव लख्ख दिसून चालणारच नव्हतं. २०१२च्या एचडी आवृत्तीत हे धुकं विरळ झालं आणि तळ्याच्या पाण्याची अर्धवट कड उघडी पडली. ती आवृत्ती करणाऱ्यांना मूळ कंपनी कोनामीकडून अंतिम सोर्स कोडही मिळाला नव्हता, कारण तो जपूनच ठेवला नव्हता. २०२१मध्ये 'जीटीए' त्रयीच्या नव्या आवृत्तीत हीच चूक पुन्हा झाली. 'सॅन अँड्रियास'मधलं धुरकट वातावरण काढलं, आणि माउंट चिलिअडवरून अख्खं राज्य एका नजरेत दिसू लागलं. आपल्याकडे सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ज्यांनी तो गेम खेळला, त्यांना त्यातली शहरं एकमेकांपासून कोसभर लांब वाटली होती. आता ती शेजारशेजारच्या गल्ल्यांसारखी दिसली. शेवटी २०२४च्या अपडेटमध्ये जुन्या प्रकाशयोजनेचा पर्याय परत द्यावा लागला.

म्हणूनच पोलंडच्या ब्लूबर टीमकडे 'सायलेंट हिल २' गेल्याचं कळलं तेव्हा धास्ती वाटली होती. २०२४मध्ये तो खेळलो आणि धास्ती बरीचशी निवळली. धुकं आहे, आणि ते जिवंत आहे. जेम्सच्या चेहऱ्यावर अपराधी माणसाचा थकवा आहे. अकिरा यामाओका यांचं संगीत मूळ सुरावटी न सोडता नव्याने बांधलंय. माझी तक्रार लांबीबद्दल आहे. मूळ गेम दोन-तीन संध्याकाळींत संपायचा, हा जवळजवळ दुप्पट चालतो, आणि वाढलेला बराच वेळ मारामारीत जातो. तुरुंगाच्या भागात तर पुतळ्यांसारखे राक्षस इतक्यांदा अंगावर येतात की भीतीचा कंटाळा होतो. जेम्स हा सराईत लढवय्या नाही, हा मूळ गेमचा गाभा. त्याला सफाईदारपणे अंग चुकवायला शिकवलं, तेव्हा थोडंसं काहीतरी हातचं गेलं.

२०२३च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'ने हाच पेच चांगला सोडवला. २००५मध्ये बंदूक रोखली की पाय जागीच खिळायचे. आता चालता चालता नेम धरता येतो, पण अंगावर येणारे गावकरी जास्त चिवट झालेत, आणि वार अडवणारा सुरा झिजून मोडतो. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. 'डेड स्पेस' सुबक आहे, त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं मला सापडत नाही.

'फायनल फँटसी ७'चं प्रकरण निराळं. १९९७च्या गेममधलं मिडगार शहर काही तासांत मागे पडायचं. २०२०च्या 'रीमेक'ने तेवढ्याच भागाचा पूर्ण गेम केला, आणि वर कथेतच असे आत्मे आणले जे गोष्ट मूळ वाटेवरून ढळू लागली की तिला रेटून परत आणतात. जुन्या चाहत्यांच्या अपेक्षाच शत्रू बनून समोर उभ्या राहतात! हे धाडस मला मनापासून आवडलं. २०२४च्या 'रीबर्थ'मध्ये मात्र धाडसाची जागा भरताडीने घेतली. प्रत्येक प्रदेशात टॉवर सुरू करा, ठरावीक राक्षस मारा, नोंदी पूर्ण करा. आणि नायकाची सोबतीण एरिथ हिचा मृत्यू? मूळ गेममध्ये तो अचानक येतो, त्यात पर्याय नाही, परतणं नाही. खडबडीत आकृत्यांनी केलेल्या त्या प्रसंगाने माझ्या पिढीला रडवलं. 'रीबर्थ'ने तिथे समांतर जगांची गुंतागुंत घातली. ती मेली की नाही, हे कोडं सोडवत बसलेल्या माणसाला शोक करायला सवड कुठून मिळणार?

काटछाट नाटकांतही होते. 'संगीत सौभद्र' रात्रभर रंगायचं, आता तीन तासांत होतं. पदं गाळली तरी संहिता शाबूत आहे, उद्या कुणी पूर्ण प्रयोग करू म्हटलं तर करू शकतं. गेमचं तसं नाही. त्याचं यंत्र बंद पडलं, दुकानातून नाव उतरलं की संहिताच जाते. अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत आढळलं. अशा वेळी रीमेक येताच मूळ आवृत्ती दुकानातून काढणं हा मला गुन्हाच वाटतो. 'जीटीए'च्या बाबतीत ते घडलं, आणि लोकांनी ओरड केल्यावर पीसीवरच्या जुन्या आवृत्त्या परत आल्या. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे 'हेलो'च्या २०११च्या आवृत्तीने दाखवलंय. तिथे एक बटण दाबलं की खेळता खेळता जुनं रूप समोर येतं, पुन्हा दाबलं की नवं.

राहता राहिला तो रीमेक, ज्याची मी मराठी माणूस म्हणून सर्वांत आतुरतेने वाट पाहिली. २००३च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ला नवं रूप देण्याचं काम यूबीसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिल्याचं सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालं. ट्रेलरमधले चेहरे जुनाट दिसतात म्हणून जगभर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२मध्ये काम माँट्रियलच्या मूळ स्टुडिओकडे गेलं. टीका चेहऱ्यांवर झाली, पण माझा प्रश्न वेगळा होता. त्या गेममधली तलवारबाजी कंटाळवाणी होती, ती मुळापासून बदलायलाच हवी होती. पण राजपुत्र स्वतःच आपली गोष्ट सांगतो, आणि खेळणाऱ्याच्या हातून तो मेला की 'नाही, असं घडलं नव्हतं' अशा अर्थाचं बोलून मागे येतो. त्या सांगण्याला कुणी हात लावला असता तर उरलं काय असतं? पुण्या-मुंबईच्या मंडळींनी त्याचं काय योजलं होतं, ते खेळून पाहायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं. त्याच २०२०मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम आला. भिंतीवरून धावणारी, खांबांवर चढणारी त्यातली मुलगी राजपुत्राच्या घराण्यातलीच आहे, आणि तिची लढाई त्याच्या तलवारबाजीपेक्षा कितीतरी चपळ आहे.