ओझे, वाचा आणि संमती : कल्पितसृष्टीतील परोपजीवी

‘परोपजीवी’ या अर्थाचा युरोपीय भाषांतील शब्द मुळात जीवशास्त्रातला नाही. ग्रीक ‘परासितोस’ म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा. ग्रीक व रोमन सुखात्मिकांत ते एक ठरीव पात्र होते. मराठीतील ‘बांडगूळ’ मात्र झाडावरून माणसाकडे आले. दोन्ही शब्द पोसल्या जाणाऱ्याचा दोष सांगतात. पोसणाऱ्याच्या संमतीविषयी मात्र ते काहीच सुचवीत नाहीत. कल्पितकथेने हा प्रश्न कसा हाताळला, हे तीन कथांच्या आधारे पाहता येते.

सिंदबादच्या पाचव्या सफरीत समुद्राचा म्हातारा भेटतो. दया येऊन सिंदबाद त्याला खांद्यावर घेतो आणि त्याचे पाय गळ्याभोवती आवळले जातात. म्हातारा बोलत नाही. खुणांनी व लाथांनी तो आपल्या वाहकाला फळझाडांकडे हाकतो. भोपळ्यात आंबवलेल्या द्राक्षरसाने त्याला झिंगवून सिंदबाद सुटतो आणि दगडाने त्याचे डोके फोडतो. या वधाची खंत कथेत कोठेही नाही. ज्याला वाचा नाही त्याच्याशी करार संभवत नाही. उरतो तो केवळ सुटकेचा प्रश्न.

सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त खांद्यावरचे ओझे बोलू लागते. प्रेतात वसलेला वेताळ काटेकोर अर्थाने परोपजीवी नव्हे; तथापि वाहणारा व वाहिला जाणारा ही रचना तीच आहे. येथे मौन वाहणाऱ्याने पाळायचे असते. राजाने उत्तर देताच वेताळ झाडावर परततो; अखेरीस मात्र तोच राजाला भिक्षूच्या कपटाविषयी सावध करतो. ओझे आणि हितचिंतक यांतील सीमारेषा अशी पुसट होते.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘ब्लडचाइल्ड’ (१९८४) या कथेत दोन्ही पक्षांना वाचा आहे. परग्रहावरील ट्लिक हे बहुपाद जीव आपली अंडी मानवी शरीरात, बहुधा पुरुषांच्या, घालतात. अळ्या वेळीच काढल्या नाहीत, तर त्या यजमानालाच खातात. पृथ्वीवरील छळातून पळून आलेल्या माणसांना याच ट्लिकांनी आश्रय दिलेला आहे. गॅन या मुलाच्या घरी टगाटोई ही ट्लिक आप्तासारखी वावरते. असे एक प्रसवन गॅन डोळ्यांनी पाहतो आणि त्यानंतर बंदी असलेली बंदूक हाती घेतो.

या कथेत अनेकांना गुलामगिरीचे रूपक दिसले. बटलर यांनी ते नाकारले; ही प्रेमकथा असून परक्या भूमीवर राहण्याचे भाडे चुकवण्याचीही कथा आहे, असे त्यांचे म्हणणे. लेखिकेचा हा निर्वाळा वाद मिटवीत नाही. गॅनने नकार दिला असता, तर अंडी त्याच्या बहिणीच्या शरीरात गेली असती. अशा पेचातील होकाराला संमती म्हणणे कठीण. पण होकार देताना गॅन बंदूक घरातच राहू देण्याचा आग्रह धरतो. आपल्याला भागीदार मानायचे असेल, तर टगाटोईनेही जोखीम पत्करली पाहिजे, हे त्याचे म्हणणे ती मान्य करते.

सिंदबादचा दगड संबंध संपवतो. गॅनची बंदूक तो संबंध सुरू राहण्याची अट ठरते. विषमता त्याने नाहीशी होत नाही. मात्र पोसणारा येथे प्रथमच केवळ वाहक न राहता अटी घालणारा पक्ष होतो, आणि ‘परोपजीवी’ ही संज्ञा त्या नात्याला अपुरी पडते.