कलंदर कोण, वेडा कोण?

मराठी समीक्षेला कलावंताची दुर्दशा फार आवडते. दारू, कफल्लकपणा, भ्रमिष्टपणा हे सारे तिने ‘कलंदर’ या एका शब्दात गोळा करून ठेवले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातील दोन गावे घ्या. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पठ्ठे बापूराव झाले. जात आणि कुळकर्ण सोडून ते तमाशाच्या बोर्डावर उभे राहिले आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या विपन्नतेला त्यागाचे वलय लाभले. ज्या महार स्त्रीच्या नाचगाण्याने त्यांचा फड गाजला, ती पवळा १९३९ सालीच गेली होती. ती मात्र बापूरावांच्या चरित्रातला एक मोह म्हणून उरली. त्याग करायला आधी जवळ काही असावे लागते. पवळेजवळ सोडण्यासारखे काय होते?

दुसरे गाव वाटेगाव, अण्णाभाऊ साठ्यांचे. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. १९६० साली राज्य मिळाले, तेव्हा शाहिराचे घर घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीच होती. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधी, ते गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांविषयी बोलताना दारूचा उल्लेख चटकन होतो. त्यांना मनोविकार होता असे मला म्हणायचे नाही. एवढ्या मोठ्या कलावंताच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे विचारण्याची गरज आम्हांला वाटली नाही, हे म्हणायचे आहे.

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्यात आहे. उरुसात तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. तंबोरे घडवणारे कारागीर जवळच राहतात. त्याच मिरजेच्या स्टेशनावर मी एकाला भीमगीत गाताना ऐकले. पालथ्या डब्यावर ठेका, सूर पक्का, आणि दोन कडव्यांमध्ये कोणा न दिसणाऱ्या माणसाशी भांडण. शेजारचा प्रवासी म्हणाला, “वेडा आहे, पण गळा काय आहे!” त्या ‘पण’मध्ये आमची सारी समीक्षा आली. गळ्यासाठी थांबायचे, माणसासाठी नाही. मीही गाडी आल्यावर निघालो, हे लपवत नाही.

कायद्याचे काय? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे घेणेही भीक ठरवले. म्हणजे गोंधळी, डोंबारी, पोतराज यांची कलाच गुन्ह्याच्या चौकटीत आली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील मुख्य कलमे रद्द केली, पण दिल्लीपुरती. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षण द्यायचे आहे, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे, त्याला कोठडीत ठेवायचे नाही. एकाच माणसाला कोणता कायदा लागेल, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरते. ही नजर जातीने घडवलेली आहे.

आपल्या वस्तीतही दोष आहे. माणूस बरळू लागला की अंगात आले म्हणतो, देवाला सोडतो. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेशी लढताना ‘परिवर्तन’सारखे व्यसनमुक्तीचे काम उभे केले. शहाणपण कुठून सुरू होते, ते त्यातून दिसते.

अमेरिकेत नॅथॅनियल एअर्स हा कृष्णवर्णीय वादक लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर सापडला. त्याच्यावर पुस्तक आले, २००९ साली चित्रपट आला. तो ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत शिकलेला होता, म्हणून जग हळहळले. आमचा पोतराज कोणत्याच शाळेतून हरवलेला नसतो. त्याच्यासाठी कोण हळहळणार?

म्हणून प्रतिभेच्या नावाने दया मागणे मला मान्य नाही. कार्यकर्त्यांनी २०१७ चा कायदा खिशात ठेवावा, शिक्षकांनी ‘कलंदर’ हा शब्द वापरण्याआधी कलावंताचा पत्ता विचारावा. आणि ज्याला मुळीच गाता येत नाही, त्या रस्त्यावरच्या आजाऱ्यालाही औषध आणि छप्पर तितकेच हवे आहे.