बंद पाकिटातले नाट्य

नाटक, तमाशा, कीर्तन यांची चर्चा आपल्या नियतकालिकांतून गंभीरपणे होत असते. जादूचा खेळ मात्र मुलांच्या करमणुकीचा विषय मानून आपण बाजूला सारतो. हातचलाखीच्या खेळापुरते ते एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु या विद्येची एक शाखा अशी आहे की, जी शब्दांवाचून उभीच राहू शकत नाही. इंग्रजीत तिला मेंटॅलिझम म्हणतात. आपल्याकडे 'मनकवडेपणाचे प्रयोग' हे नाव तिला शोभेल. त्यातही भाकिताचा प्रयोग हा तर एक लहानसा नाट्यप्रवेशच होय. प्रयोगकर्ता कागदावर काहीतरी लिहून तो पाकिटात बंद करतो व पाकीट प्रेक्षकाच्या हाती देतो. नंतर प्रेक्षक स्वेच्छेने एखादी वस्तू, संख्या किंवा गाव निवडतो. पाकीट उघडावे, तो तेच आत लिहिलेले! भरताने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा सांगितला आहे. तो विस्मय एवढ्या थोड्या साहित्यात निर्माण करणारा दुसरा नाट्यप्रकार क्वचितच सापडेल.

या शाखेचे शास्त्र ज्यांनी बांधले त्यांत दोन नावे प्रमुख आहेत. पहिले अमेरिकन प्रयोगकर्ता थिओडोर ॲनेमन यांचे. त्यांनी १९३४ पासून 'जिंक्स' हे जादूगारांचे नियतकालिक चालविले; जानेवारी १९४२ मध्ये, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला आणि त्यातील निवडक प्रयोगांचा संग्रह १९४४ मध्ये निघाला. दुसरे इंग्रज लेखक टोनी कोरिंडा यांचे. त्यांचा 'मेंटॅलिझमच्या तेरा पायऱ्या' हा ग्रंथ आधी तेरा पुस्तिकांच्या रूपाने आणि मग १९६१ मध्ये एका खंडात प्रसिद्ध झाला. त्यातील एक पायरी सर्वस्वी भाकितालाच वाहिलेली आहे. आणि शेवटची पायरी बोलण्याची व सादरीकरणाची आहे, हे विशेष. युक्ती कितीही चतुर असो, ती वाणीने पूर्ण होते, हे या ग्रंथाच्या रचनेतूनच ध्वनित होते.

या दोघांच्या प्रयोगांचे साहित्य पाहावे तर पेन्सिल, कागदाचा तुकडा, पाकीट, आगपेटी, नाणे. ही साधेपणाची निवड काटकसरीची नसून कलेची आहे. चकचकीत पेटी रंगमंचावर आली की प्रेक्षकाचा संशय त्या पेटीवर जाऊन बसतो. टेबलावरच्या टाचणीवर किंवा खाकी पाकिटावर तो बसत नाही. ज्या वस्तू आपण रोज हाताळतो त्यांच्याविषयी आपण विचार करीतच नाही. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना तर पाकिटाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मोहोरबंद निविदा चारचौघांसमक्ष उघडतात त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरते, तिच्यावरच हा प्रयोग उभा असतो.

आता या प्रयोगांच्या अंतरंगात थोडे शिरू. येथे गुपित फोडण्याचा उद्देश नाही. परंतु रचना न समजता रचनेची समीक्षा करता येत नाही.

सर्वांत सोपा प्रकार गणिताचा. प्रेक्षकाने तीन अंकी संख्या घ्यावी. तिच्या पहिल्या व शेवटच्या अंकांत किमान दोनाचा फरक असावा. ती उलटी करून मोठीतून लहान वजा करावी. आलेले उत्तर उलटे करून त्यातच मिळवावे. ७५२ मधून २५७ वजा केले की ४९५. त्यात ५९४ मिळविले की १०८९. कोणतीही संख्या घ्या, उत्तर तेच येते. मग प्रयोगकर्ता शब्दकोशाचे १०८ वे पृष्ठ व ९ वी ओळ काढावयास सांगतो, आणि तेथील शब्द त्याच्या पाकिटात आधीच असतो. प्रयोग बिनचूक आहे, परंतु नाट्य म्हणून तो दुबळा आहे. ज्याला माझे मन वाचता येते त्याने मला वजाबाकी का करावयास लावावी? हा प्रश्न प्रेक्षक उघड विचारीत नसला तरी त्याच्या मनात तो उभा राहतोच. 'मनात एक संख्या धरा' हा खेळ लहानपणी खेळलेल्याला तर हिशेबाचा वास लगेच येतो. आणि जेथे कारणाचा वास येतो तेथे विस्मय टिकत नाही.

दुसरा प्रकार 'एक पाऊल पुढे' राहण्याचा. प्रयोगकर्ता तीन प्रश्नांची उत्तरे तीन चिठ्ठ्यांवर आगाऊ लिहीत आहे असे भासवितो. वस्तुतः पहिल्या चिठ्ठीवर तो तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहितो. कारण ते कोणते यावे याची तजवीज त्याने करून ठेवलेली असते. पहिले उत्तर ऐकले की ते दुसऱ्या चिठ्ठीवर, दुसरे ऐकले की ते तिसऱ्या चिठ्ठीवर. शेवटी पेल्यातल्या तिन्ही चिठ्ठ्या एकदम बाहेर येतात, तेव्हा कोणती केव्हा लिहिली हे कोण सांगणार? ही रचना सुंदर आहे. चांगल्या कथाकाराप्रमाणे येथे घटनांचा काळक्रम गुपचूप बदलला जातो, आणि वाचकाला मात्र तो सरळच वाटतो.

तिसरा प्रकार अनेक पर्यायांचा. आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म त्यात आहे. टेबलावर किल्ली, नाणे व आगपेटी ठेवलेली असते. प्रेक्षकाने किल्ली निवडली तर भाकीत पाकिटात असते. नाणे निवडले तर ते बशीखाली चिकटविलेले असते. आगपेटी निवडली तर तिच्याच पाठीवर लिहिलेले असते. भाकिते तिन्ही आहेत. प्रेक्षकाला दाखविले जाते ते एकच. उरलेली दोन कोणी पाहत नाही, कारण ती आहेत याचीच कोणाला कल्पना नसते.

येथे आपण खेळाच्या कक्षेतून बाहेर पडून समाजाच्या अंगणात येतो. भविष्यवाल्यांची सारी प्रतिष्ठा या न उघडलेल्या पाकिटांवर उभी आहे. दहा भाकितांपैकी खरे ठरलेले एक घरोघर सांगितले जाते, नऊ विस्मृतीत जातात. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात जी चाचणी घेतली तिचे महत्त्व यातच आहे. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका घेऊन, प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतील चाळीस पाठविल्या आणि कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे आली. त्यांतील सुमारे ४६ टक्के बरोबर होती. नाणे उडविले असते तरी एवढे यश आलेच असते. तेथे जादू नाहीशी झाली, कारण सगळी पाकिटे उघडली गेली.

आपल्या परंपरेतही भाकिताचे प्रयोग होतेच. नंदीबैलवाला दारात येतो, गुबुगुबु वाजवितो, पाऊस पडेल का म्हणून विचारतो, आणि बैल मान हलवितो. बैलाला मान हलवावयास शिकविले आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच तो खेळ निर्मळ राहतो. सुपातले धान्य कलेसाठी दिले जाते. पिंगळ्याची किंवा कुडमुड्या जोश्याची गोष्ट मात्र तशी नाही. तेथे ऐकणारी आपली खरी चिंता घेऊन बसलेली असते.

या दोहोंतील सीमारेषा किती बारीक आहे याचा प्रत्यय मला आमच्याकडच्या एका मंडळाच्या गणेशोत्सवात आला. प्रयोगकर्ता कुशल होता; किल्ली, नाणे, पाकीट यांवर त्याने तासभर सभा खिळवून ठेवली. खेळ संपल्यावर एक ज्येष्ठ सभासद त्याच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "महाराज, माझी पुण्याची बदली केव्हा होईल तेवढे सांगा." त्याने डोळे मिटले आणि उत्तर दिले, "चैत्र उलटू द्या." घरापासून दूर असलेल्या माणसाला बदली या शब्दाचा अर्थ काय वाटतो, ते या पृष्ठांच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या एका वाक्याने तासभराची कला मातीमोल झाली. पडदा पडल्यावरही नटाने राजाचा मुकुट उतरविला नाही आणि प्रेक्षकांकडून खंडणी घेऊ लागला, असेच ते झाले.

या उलट टोकाची चूकही होते. डेरेन ब्राउन या इंग्रज कलावंताने ९ सप्टेंबर २००९ रोजी दूरचित्रवाणीवर लॉटरीचे सहा आकडे सांगितल्याचा प्रयोग केला. चेंडू प्रेक्षकांकडे पाठ करून मांडलेले होते. सोडत झाल्यावर त्याने ते वळविले. भाकीत आधी उघड नव्हते, ही नाट्यदृष्ट्या मोठीच उणीव होती. परंतु खरा दोष त्यानंतरचा. दोन दिवसांनी त्याने 'उलगडा' केला की, चोवीस माणसांच्या अंदाजांची सरासरी काढून हे आकडे मिळाले! सोडतीचे आकडे सरासरीने मिळत नसतात. दैवी शक्तीचा दावा करणारा निदान श्रद्धेला तरी हाक घालतो. शास्त्राचा खोटा आव आणणारा विवेकालाच फसवितो. गूढ गूढच ठेवावयास हरकत नाही. खोटे स्पष्टीकरण मात्र प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान करते.

तात्पर्य, या कलेला लावावयाच्या कसोट्या माझ्या मते तीन आहेत. वस्तू इतक्या साध्या असाव्यात की त्यांच्यावर नजर ठरू नये. प्रेक्षकाची निवड त्याला खरोखर आपली वाटावी. कारण आपले स्वातंत्र्य कोणी आधीच लिहून ठेवले होते, या धक्क्यातच या नाट्याचा प्राण आहे. आणि प्रयोग जेथे संपतो तेथे प्रयोगकर्त्याचा अधिकारही संपावा. पहिल्या दोन कसोट्या ॲनेमन आणि कोरिंडा यांच्या ग्रंथांतून शिकता येतात. तिसरी हाताच्या सरावाने साधत नाही. कोणी व्याकूळ होऊन आपले भविष्य विचारू लागला असता, "मी करमणूक करणारा माणूस आहे, मला ते कळत नाही," एवढे बोलण्याचे धैर्य ज्याच्याजवळ आहे, त्याच्या हातातील पाकीट मी आनंदाने सांभाळीन, आणि ते उघडताना टाळ्याही सर्वांआधी वाजवीन.