बदनाम वस्ती आणि मराठी लेखक

प्रत्येक मोठ्या शहरात काही वस्त्या बदनाम असतात. तेथे राहणाऱ्या माणसाच्या आधी त्याच्या वस्तीचे नाव पुढे जाते. नोकरीच्या अर्जावरील पत्ता वाचून साहेबाची भुवई उंचावते, सोयरिकीच्या बोलण्यात तो पत्ता आला की क्षणभर शांतता पसरते, आणि रात्रीच्या वेळी टॅक्सीवाला त्या बाजूला यायला नकार देतो. अशा वस्तीत पाऊल न टाकलेल्या माणसाचेही तिच्याविषयीचे मत पक्के असते. हे मत बनते कशातून? वर्तमानपत्रांतून, चित्रपटांतून, ऐकीव गोष्टींतून. आणि काही अंशी साहित्यातूनही. मुंबईच्या अशा वस्त्यांविषयी मराठीत गेल्या सहा दशकांत जे लिहिले गेले, त्याकडे आम्ही या लेखात एक प्रश्न घेऊन पाहणार आहोत. या वस्त्यांत सुरक्षित कोण, असुरक्षित कोण, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्नाला निकड आली आहे ती वस्त्यांचे रूप पालटल्यामुळे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या शतकभरात लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा हा सारा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची त्रिभागणी सुचवली. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक वाटा घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने दिलेला निकाल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. आज तेथे मॉल, कचेऱ्या आणि पन्नास-साठ मजली मनोरे उभे आहेत. ‘लोअर परळ’ हे नावही घरे विकणाऱ्यांना अडचणीचे वाटले. त्यांनी जाहिरातींतून त्याला ‘अपर वरळी’ केले.

श्रमिकांच्या वस्तीत सधन वर्ग येतो, भाडी वाढतात आणि मूळचे रहिवासी निघून जातात, या प्रक्रियेला लंडनच्या समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘उच्चभ्रूकरण’ म्हणता येईल. परंतु बोलीभाषेत याला आधीपासूनच एक सोपा शब्द आहे: ‘एरिया सुधारला’. या ‘सुधारला’ शब्दात सारा न्यायनिवाडा आलेला आहे. पूर्वीची माणसे म्हणजे बिघाड, आणि ती गेली म्हणजे सुधारणा, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

गिरणगावाच्या साहित्याकडे वळताना पहिले नाव येते ते नारायण सुर्वे यांचे. त्यांच्या आयुष्याचा आरंभच या प्रश्नाचे एक उत्तर आहे. रस्त्यावर सापडलेल्या अर्भकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले, आपले नाव दिले. ज्या वस्तीला बाहेरचे जग गुंडांची आणि दारूड्यांची वस्ती म्हणत होते, तेथे एका निराधार जिवाला छप्पर मिळाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत रस्ता, कारखाना, फुटपाथ ही भीतीची ठिकाणे नाहीत. तेथे कवी शिकला, वाढला. ती त्याची शाळा आहे. सुर्व्यांच्या कवितेत सुरक्षितता म्हणजे ओळख. कोण कोणाचा, हे जेथे ठाऊक आहे, तेथे माणूस निर्धास्त असतो. खानावळीतली बाई, युनियनचा कार्यकर्ता, पाळीवरून परतणारा सोबती ही या कवितेतील पहारेकऱ्यांची फळी आहे. मात्र या कवितेत एक उणीवही आम्हांला जाणवते. श्रमिकाच्या एकजुटीवर कवीचा एवढा विश्वास आहे की त्या वस्तीच्या पोटातील क्रौर्य त्याच्या हातून बरेचसे सुटून जाते.

ते क्रौर्य पाहण्याचे धैर्य भाऊ पाध्ये यांनी केले. ‘वासूनाका’ (१९६५) प्रसिद्ध झाले तेव्हा आचार्य अत्रे यांच्यासारख्या वजनदार संपादकाने त्यावर अश्लीलतेचा घणाघात केला. नाक्यावर उभी राहणारी पोरे, त्यांची टिंगल, त्यांचे रिकामे दिवस हे सर्व पोक्या नावाचा निवेदक आपल्याच बोलीत सांगतो. पांढरपेशा वाचक प्रथम दचकला तो या बोलीने. आमच्या मते या वादाचे खरे महत्त्व येथेच आहे. परक्या वस्तीची भीती आधी तिच्या भाषेपासून सुरू होते. नाक्यावरच्या पोरांचे शब्द कानावर पडले की आपण हातातली पिशवी घट्ट धरतो. त्या शब्दांत काय सांगितले जात आहे हे ऐकण्यापूर्वीच. पाध्यांनी वाचकाला ते ऐकायला भाग पाडले. तथापि नाक्यावरून जाणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, याचा पत्ता ‘वासूनाका’ फारसा लागू देत नाही. सारे काही पोक्याच्या नजरेतून दिसते, आणि त्या नजरेच्या टप्प्यात बाईचे मन येत नाही. त्या पुस्तकाची ही मर्यादा अश्लीलतेच्या आरोपाहून कितीतरी गंभीर आहे. पण त्या वेळच्या गदारोळात तिची चर्चा झाली नाही.

बाबूराव बागूल यांनी हा प्रश्नच उलटा केला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीस लागलेला दलित तरुण परगावी जात लपवून राहतो. जात उघडकीस येताच ज्यांनी त्याला आसरा दिला, त्यांच्याच हातून त्याला मार खावा लागतो. येथे घर सज्जनांचे आहे, शेजार प्रतिष्ठित आहे आणि जिवाला धोका तेथेच आहे. ‘सुरक्षित वस्ती’ हा शब्द उच्चारताना ती कोणासाठी सुरक्षित, हे विचारलेच पाहिजे, असा धडा या कथेने मराठी वाचकाला दिला. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) त्याच्याही पुढे गेला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कवीबरोबर तो मुलूख हिंडून पाहावासा वाटला, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. शहराची सर्वांत भयानक समजली जाणारी गल्ली मराठीतील एका मोठ्या नाटककाराला तोवर परकी होती, आणि तिचा वाटाड्या तिथलाच एक तरुण कवी झाला.

संपानंतरच्या गिरणगावाला आपला लेखक मिळाला तो जयंत पवार यांच्या रूपाने. १९९७ साली रंगभूमीवर आलेले ‘अधांतर’ हे नाटक चाळीतल्या एका खोलीत घडते. संपाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबातील एक मुलगा गुन्हेगारीच्या वाटेला लागतो. वर्तमानपत्रात तो ‘कुख्यात’ म्हणून छापून आला असता. येथे तो आईच्या पुढ्यात बसून जेवतो. प्रेक्षकाला ज्या माणसाची भीती वाटायची, त्याच्या ताटात काय वाढले आहे हे पवारांनी दाखवले. त्यासाठी त्यांना त्याच्या अपराधावर पांघरूण घालावे लागले नाही. त्या काळातील टोळ्यांचा धागा जमिनीच्या भावाशी कसा जुळला होता, हेही विसरून चालणार नाही. १९९४ मध्ये एका गिरणीमालकाची भरदिवसा हत्या झाली, तेव्हा चर्चा त्याच्या गिरणीच्या जमिनीचीच झाली. वस्ती धोकादायक झाली ती तिथली माणसे गरीब होती म्हणून, की तिची जमीन महाग झाली म्हणून? ‘अधांतर’ हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही. तो खोलीतल्या कोंडलेल्या हवेत भरून राहतो. पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. बंद पडलेली फिनिक्स गिरणी आणि तिच्या जागी आलेला झगमगता बाजार एवढे सारे त्या शीर्षकात सामावले आहे. राखेतून उठला तो मोर. नाचरा, देखणा, आणि ज्यांची राख झाली त्यांचा कोणीच नसलेला.

‘अधांतर’वरून महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. त्याने संपाची आठवण नव्या पिढीपर्यंत नेली हे खरे. परंतु पडद्यावर रक्त अधिक उडते, शिव्या अधिक घुमतात, आणि मॉलमधल्या चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक ‘बरे झाले, ते दिवस गेले’ असे म्हणत बाहेर पडतो. नाटकाने जे घर केले होते, त्याचे चित्रपटाने पुन्हा एकदा भीतिदायक मोहल्ल्यात रूपांतर केले, असे आमचे मत आहे.

ते दिवस गेले. मग सुरक्षितता आली काय? २०१३ च्या ऑगस्टमध्ये महालक्ष्मीजवळच्या ओसाड शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायापत्रकार महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. हजारो कामगारांच्या वर्दळीची ती जागा रिकामी करून वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. कचेऱ्या आल्या, त्यांत काम करणारे लोंढे आले, पूल मात्र अरुंदच राहिला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. यांतील एकही मरण नाक्यावरच्या पोरांच्या हातून आलेले नव्हते. ‘सुधारलेल्या’ भागाच्या फाटकावर पहारेकरी होता, कॅमेरे होते; पण पहारा कोणापासून करायचा, याचा हिशेब चुकलेला होता.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहिले होते की रस्ता सुरक्षित राखतात ते त्यावर खिळलेले रहिवाशांचे आणि दुकानदारांचे डोळे. चाळीच्या गॅलरीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. परंतु म्हणून चाळीची आरती ओवाळणे आम्हांला मान्य नाही. तोच डोळा मुलगी किती वाजता आली, कोणाबरोबर आली, हेही मोजत असे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींतून दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली, तेव्हा शेजारच शत्रू झाला होता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या इंग्रजी ग्रंथात मुंबईविषयी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे: स्त्रियांच्या सुरक्षिततेचे नाव पुढे करून गरीब पुरुषांना रस्त्यावरून हाकलले जाते, आणि त्याने स्त्रीचे स्वातंत्र्य काही वाढत नाही. दोघांनाही रस्त्यावर निर्हेतुक उभे राहण्याचा अधिकार हवा, असे त्या म्हणतात. मराठी कथा-कादंबरीने हे सूत्र अद्याप पुरते उचललेले नाही.

बदल म्हणजे केवळ हकालपट्टी, असेही म्हणता येणार नाही. ज्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या, त्यांच्या जागी वरळीत ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या पहिल्या ५५६ किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी मूळच्या रहिवाशांच्याच हाती पडल्या. स्वतंत्र संडासासाठी जन्मभर रांग लावलेल्या बाईला चाळीच्या आठवणींचे काव्य ऐकवणे हा निर्दयपणा होईल. त्या घरात ती टिकते की देखभालीच्या खर्चाने थकून घर विकते, हे पुढच्या लेखकाने पाहायचे आहे.

आणि जे गेले, त्यांचे काय? गिरणगावातील खोली विकून वा गमावून कितीतरी कुटुंबे डोंबिवली, नालासोपारा, विरार येथे आली. म्हणजे ही कथा आपल्या दाराशी आलेली आहे. वसईच्या वाड्यांविषयी आपल्या नियतकालिकांत पुष्कळ लिहिले जाते. बुजलेल्या विहिरी, तोडलेल्या केळी, मिटत चाललेली बोली यांचे दुःख खरे आहे. परंतु त्या लेखनात रेल्वेच्या पूर्वेला राहणारा नवा माणूस बहुधा ‘गर्दी’ म्हणून येतो. त्याला नाव नसते, आई नसते, मागे टाकलेली चाळ नसते. कधी काळी ‘परळचा’ म्हणून ज्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्याच्याकडे आता ‘नालासोपाऱ्याचा’ म्हणून पाहिले जाते. पत्ता बदलला, बदनामी सोबत आली.

सुर्वे, बागूल, ढसाळ, पवार यांच्या लेखनाने आपल्याला एवढे तरी शिकवले आहे की भीती वाटली तर तिच्या उगमापर्यंत चालत जावे. मध्येच दार लावून घेऊ नये. गिरणगावातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबावरची कादंबरी, तीही विरार लोकलमध्ये दोन पिढ्या काढलेल्या स्त्रीच्या तोंडून सांगितलेली, मराठीला हवी आहे. ती लिहिणारे हात कदाचित त्याच पूर्वेकडच्या एखाद्या इमारतीत असतील. अशी संहिता एखाद्या संपादकाच्या टेबलावर आली, तर पत्ता पाहून ती बाजूला पडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयास हवी.