पत्ता नसलेली यादी

यंदा २७ फेब्रुवारीला आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या फळ्यावर यादी लागली: ‘वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं’. ‘ययाती’, ‘मृत्युंजय’, ‘श्यामची आई’, ‘बटाट्याची चाळ’... पुढची सहा तुम्हीही न बघता सांगाल. मी फोटो काढून नाशिकच्या मित्राला पाठवला. त्याने त्याच्या कॉलनीतल्या यादीचा फोटो उलट पाठवला. क्रमसुद्धा तोच होता.

माझं भांडण यातल्या एकाही पुस्तकाशी नाही, यादीशी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. ॲपवर नवा माणूस आला, त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, मग सगळ्यांना आवडतं तेच त्याच्यापुढे टाकायचं. पण ती पहिल्या दिवसाची अडचण. चार गोष्टी त्याने उघडल्या की ॲप त्याला ओळखायला लागतं. वाचनालयात मात्र वीस वर्षांचा सभासदसुद्धा दर फेब्रुवारीत नवाच असतो. देवघेवीच्या टेबलावरच्या नोंदवहीत कोणी काय नेलं, कोणी काय दुसऱ्यांदा नेलं, सगळं लिहिलेलं आहे. यादी करताना ती वही कोणी उघडत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. नाशिकला आणि कळंबला सारखीच लागणारी यादी या दोन्हींत नापास होते, कारण तिच्यात वाचकच नाही.

कळंबमध्ये या दिवसांत काय चाललेलं असतं ते बघा. किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. पांगारा लाल झालेला. वसईच्या वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा भल्या पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजाराकडे निघालेला. होळीची तयारी, आसपासच्या चर्चमध्ये उपवासकाळ, मग पाडवा, मग ईस्टर. घरात आजीची वाडवळी, शेजारच्या गावांत सामवेदी, नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत आणखी दहा भाषा. यातलं एक तरी त्या फळ्यापर्यंत पोचलंय का?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथून जवळच्या नंदाखालचे. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीत ते पुढे होते. उपवासकाळात, त्यांच्याच पंचक्रोशीत, दहा पुस्तकांत त्यांचं एकही नाही. वसईच्याच सिसिलिया कार्व्हालो आणि सायमन मार्टिन यांची कविताही नाही. कोणी मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही. तयार यादी फॉरवर्ड होऊन आली, ती फळ्यावर उतरवली, एवढंच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावातल्यांना गावचीच पुस्तकं द्यायची तर मग वाचायचं कशाला? आणि नालासोपाऱ्यात परवा राहायला आलेल्या मुलीला वाडवळीचं काय? पण स्थानिक लेखकांसाठी राखीव जागा मी मागत नाही. मी कारण मागतोय. ‘श्यामची आई’ जरूर लावा. पण त्यातला श्यामच्या पोहण्याचा प्रसंग सांगून लावा. मुलगा पाण्याला घाबरून लपतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. समुद्राकाठच्या गावात यावर दहा मुलं आणि त्यांच्या आया तासभर भांडतील. कोकणातल्या पालगडची गोष्ट इथे लगेच घरची होईल, आणि त्या नव्या मुलीलाही तिच्यात शिरायला दार मिळेल. कारणाशिवाय केलेली शिफारस म्हणजे नुसतं फर्मान.

हे मला पटलंय, कारण माझ्या बाबतीत ते घडलंय. नववीत मी वाचनालय सोडलं होतं. ‘वाचायलाच हवं’ असं सांगितलेलं एक जाडजूड पुस्तक अर्धवट राहिलं, दंड वाढत गेला आणि लाजेने मी फिरकलोच नाही. पुढे इंजिनिअरिंगच्या सुट्टीत वर्तमानपत्र चाळायला गेलो आणि ग्रंथपालकाकांना सहज विचारलं, ‘काका, बाहेर ते लाल फुलांचं झाड कसलं?’ ते म्हणाले, ‘पांगारा. थांब जरा.’ आणि आतून दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ घेऊन आले. १९५६ चं पुस्तक. एकेका महिन्यावर एक लेख, सुरुवात चैत्रापासून. ‘सगळं नको वाचूस,’ म्हणाले, ‘या महिन्याचं वाच, पुढच्या महिन्यात परत ये.’ मी वर्षभर जात राहिलो. त्या काकांकडे कुठलंही अल्गोरिदम नव्हतं. समोरचा पोरगा काय विचारतोय एवढं त्यांनी ऐकलं होतं.

कार्यक्रमांचंही तेच. भाषा दिनाचं व्याख्यान कामाच्या दिवशी सकाळी अकराला. विषय, तरुण वाचत नाहीत. तरुण तेव्हा अंधेरीच्या ऑफिसात असतात आणि घरी पोचेपर्यंत वाचनालयाला कुलूप लागलेलं असतं.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. सरकारी अनुदान ग्रंथालयाच्या अ, ब, क, ड वर्गावर ठरतं. ते तुटपुंजं असतं, ग्रंथपालांचे पगार त्याहून तुटपुंजे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी मागतोय त्याला पैसे लागत नाहीत. येत्या २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी, फळा कोरा ठेवा. शेजारी खडू. प्रत्येक सभासदाने एका पुस्तकाचं नाव लिहायचं आणि खाली एक ओळ: हे कोणी वाचावं आणि का. वेळ संध्याकाळी साडेआठनंतरची, म्हणजे विरार लोकलमधून उतरलेल्यांनाही जमेल.

पहिली ओळ मी लिहीन. पांगारा बघून ज्याला नाव विचारावंसं वाटलं, त्याच्यासाठी ‘ऋतुचक्र’. दुसरी आजी सांगेल, वाडवळीत. ती मी तशीच उतरवून घेईन.