कापसाचा शब्द कुणाचा?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळीत तुटलेला धागा जोडायचा, सकाळी पुस्तक उघडायचं, हेच माझं कॉलेज. ज्या कापसात मी दिवसरात्र नाकातोंडापर्यंत बुडालेला असतो, त्याचं इंग्रजी नाव 'कॉटन' अरबी 'कुत्न'वरून आलं, हे मला परवा कळलं. इटालियन 'कोतोने', स्पॅनिश 'अल्गोदोन' ही त्याचीच भावंडं. साखर, लिंबू यांची नावंही तिकडं अरबीच्याच वाटेनं गेली. म्हंजे भूमध्य समुद्राकाठचा युरोप अंगावर नि ताटात अरबी वागवत होता. मग त्याच्या पोथ्यांत अरब एवढा थोडा का?

शोधता शोधता एर्नेस्ट रेनाँ भेटला. मोठा फ्रेंच पंडित. इब्न रश्दवर त्यानं १८५२ साली ग्रंथ लिहिलेला. अज्ञानी माणूस नव्हे. तरी १८८३ साली सोरबोनमध्ये भाषण ठोकलं की अरबी विज्ञानात भाषा सोडली तर अरबी काही नाही, ते ग्रीकांचं नि इराण्यांचं. च्यायला, हा सूर ओळखीचा वाटतो की नाही? एखाद्यानं करून दाखवलं की म्हणायचं, ते त्याचं नव्हेच. जमालुद्दीन अफगाणीनं त्याच वर्षी पॅरिसच्या वर्तमानपत्रात जबाब दिला. अॅरिस्टॉटल ग्रीक होता, शेजारी होता, तेव्हा युरोपनं त्याच्याकडं पाहिलं नाही. अरब होऊन आला तेव्हा त्याला घरात घेतलं. असा जबाब पाहिजे.

पण मित्रांनो, सगळे पंडित एका माळेचे मणी नव्हेत. मिकेले आमारी हा सिसिलीचा बंडखोर. १८४२ साली पॅरिसला पळाला, पस्तिशी उलटल्यावर तिथं अरबी शिकला. सिसिलीच्या मुसलमानांचा इतिहास त्यानं १८५४ ते १८७२ एवढ्या काळात लिहून काढला. स्पेनचा आसिन पालासिओस तर कॅथलिक पाद्री. १९१९ साली तो म्हणाला, दान्तेच्या महाकाव्यावर पैगंबराच्या स्वर्गारोहणाच्या कथांचं ऋण आहे. दान्तेभक्त खवळले. एडवर्ड सईदनं १९७८ साली 'ओरिएंटॅलिझम'मध्ये पंडित नि सत्ता यांची सोयरीक उघडी पाडली, ते काम मोलाचंच. पण त्याचा रोख इंग्रज, फ्रेंच नि अमेरिकनांवर. सिसिली-स्पेनमधला अरब परका नव्हता, घरातलाच पूर्वज होता. त्या घरातलं भांडण सईदच्या पुस्तकात नीट येत नाही. माझी तक्रार एवढीच.

आता दुसरी बाजू. अरबांच्या वैभवाच्या आरत्या आपण ओवाळायच्या का? नाही. कॉर्डोबाच्या खलिफाच्या दरबारात युरोपातून विकत आणलेले स्लाव गुलाम राबत होते. नि 'अरब' म्हणताना बर्बर, ज्यू, अरबी बोलणारे ख्रिस्ती झाकले जातात. टोलेडोत जेरार्डनं सत्तरच्या वर अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले, ११८७ साली वारला, नाव राहिलं. टॉलेमीचा ग्रंथ उलथताना गालिब नावाचा स्थानिक ख्रिस्ती त्याला अरबीचा अर्थ तोंडी सांगायचा. हा गालिब एका इंग्रज विद्यार्थ्याच्या ओळीत सापडतो म्हणून कळला. ती ओळ नसती तर?

कापडावर गिरणीचा शिक्का असतो, धागा जोडणाऱ्याचं नाव नसतं. रेनाँनं अरबाचं नाव पुसलं. अरबाचं परत लिहिताना आपण गालिबचं पुसलं, त्या स्लाव गुलामाचं पुसलं, तर रेनाँत नि आपल्यात फरक काय? इतिहास वाचा. पण शिक्का वाचून थांबू नका. हात शोधा.